‘मालक, जरा बोलायचं हुतं’

दिवाळीनंतर पत्रं उघडायला बसलं की निम्मी मला न वाचताच कळतात. बोनस खात्यात पडला, फराळाचे डबे रिकामे झाले, की पुढच्या पंधरवड्यात केबिनच्या दारात कुणीतरी हात पुसत उभा राहतो. ‘मालक, जरा बोलायचं हुतं.’ कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात मी बत्तीस वर्षं वर्कशॉप चालवलं. हे वाक्य किती वेळा ऐकलं त्याला गणती नाही. त्याआधी आठ वर्षं लेथवर टर्नर होतो, तेव्हा दोनदा मीही ते म्हटलंय. मालकांसाठीच्या या सदरात या वेळी कारागीर सोडून जाण्याबद्दलची तीन पत्रं घेतली आहेत. पहिल्यानेच बरीच जागा खाल्ली, त्याला इलाज नाही.

प्रश्न : सातपूरला आमचं छोटं वर्कशॉप आहे. चार सीएनसी टर्निंग (संगणकावर चालणारे लेथ), दोन व्हीएमसी (तशीच मिलिंग मशीनं), माणसं चौदा. वडिलांनी उभं केलं, तीन वर्षांपासून मी बघतो. मुख्य सेटर, म्हणजे प्रत्येक नव्या कामासाठी मशीन लावून देणारा, नऊ वर्षं आमच्याकडे आहे. त्याला चाकणला ठेकेदारामार्फत 27,500 मिळतायत, महिनाअखेरीस जातो म्हणाला. आम्ही 20,800 देतो. मी तिथल्या तिथे तीन हजार वाढवले, तर नुसतं ‘बघतो’ म्हणाला. आमच्याकडे पार्टीचं, म्हणजे काम देणाऱ्या कंपनीचं, पेमेंट आलं की पगार होतो, कधी दहाला, कधी अठराला, पण बुडवलेला कुणाचा नाही. बाबा म्हणतात, याला जाऊ दे, पण यापुढे प्रत्येकाकडून तीन वर्षांचा बॉण्ड घे आणि आयटीआयचं ओरिजिनल सर्टिफिकेट कपाटात ठेव. काय करू?
— एक वाचक, सातपूर (नाशिक)

उत्तर : बाबांना माझा नमस्कार सांगा आणि कपाटाची किल्ली तुमच्याकडे घ्या. सर्टिफिकेट त्या पोराचं आहे. ते अडकवून ठेवलं तर माणूस राहतो, पण मनातून त्याच दिवशी गेलेला असतो, आणि तशा माणसाच्या हातात तीस लाखांचं मशीन द्यायची तुमची तयारी आहे का? बॉण्डचं म्हणाल, तर 1872 च्या करार कायद्याचं कलम 27 वकिलाकडून समजून घ्या. ‘इथून सोडलंस तर अमक्याकडे काम करायचं नाही’ असली अट कोर्टात टिकत नाही. ठरावीक मुदत काम कर, मध्येच सोडलंस तर शिकवण्याचा झालेला खर्च भर, एवढं कधीकधी टिकतं. पण तुम्ही त्याला शिकायला कुठे जर्मनीला पाठवलं होतंत? तो तुमच्याच मशीनवर शिकला, आणि शिकताना जे जॉब, म्हणजे मशीनवर बनवायचे भाग, भंगारात गेले त्यांचे पैसे त्याने नऊ वर्षांत कितीतरी पट फेडलेत.

आता तुमचे तीन हजार. तुम्ही चांगल्या मनाने बोललात, पण त्याच्या कानावर काय पडलं असेल बघा. ‘म्हणजे द्यायला होते. मी जातो म्हटल्यावर निघाले.’ बाकीच्या तेरा जणांनीही तेच ऐकलं. चहाच्या गाडीवर ही बातमी तासाभरात पोचते. यापुढे पगारवाढ हवी असली की माणूस आधी राजीनामा घेऊन येईल, ही सवय तुम्हीच लावलीत.

आणि एक गोष्ट तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. 20,800 वर तो ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्यात आहे. ईएसआयची मर्यादा 2017 पासून 21,000 आहे. तुम्ही त्याला 23,800 वर नेलंत की चालू सहामाही संपल्यावर, म्हणजे मार्च किंवा सप्टेंबरअखेर, तो त्यातून बाहेर पडतो. त्याच्याबरोबर बायको-मुलं बाहेर, आणि त्याच्यावर अवलंबून असलेले आईवडीलही. घरात म्हातारं माणूस असेल तर त्याला हे तुमच्याआधी माहीत असतं. या रेषेवरच्या माणसाचा पगार वाढवायचा असेल तर सोबत घरच्यांसकट आरोग्य विमा काढून द्या आणि त्याचं कार्ड त्याच्या हातात ठेवा. नाहीतर तुम्ही दिल्यासारखं होतं आणि त्याला मिळाल्यासारखं होत नाही. हाच प्रश्न त्याला चाकणलाही येणार आहे, पण तिथे तो सांगायला कुणी बसलेलं नाही.

म्हणून त्याला बोलवा. केबिनमध्ये नको, खाली टपरीवर. कोरा कागद घ्या आणि दोघं मिळून त्याच्या घरचा हिशेब मांडा. 27,500 मधून पीएफ किती कापणार ते लिहा. खोलीत वाटा किती, मेस किती, महिन्यातून दोनदा नाशिकला येण्याजाण्याचं भाडं किती, रात्रपाळी आहे का, ठेकेदाराचं कंत्राट संपलं की काय. इकडे घरचं जेवण, बायकोची शिवणाची कामं, पोरांची शाळा. माझा अंदाज आहे की 6,700 चा फरक कागदावर दोनेक हजारांवर येईल. पण अंदाज चुकून तो खरोखरच फायद्यात निघाला, तर कागद तसाच त्याच्या हातात द्या आणि ‘जा बाबा’ म्हणा. हिशेब ओढून-ताणून आपल्या बाजूला आणलात तर तो माणूस पुन्हा कधीच तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही. गेलेले कारागीर परत येतात, चांगलं बोलून पाठवलेले असतील तरच.

जाणार असेल तर ग्रॅच्युइटी आठवणीने द्या. दहा किंवा जास्त माणसं असली की ती लागू होते, तुमच्याकडे चौदा आहेत. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 15,000 धरला, तर 15 ने गुणायचं, 26 ने भागायचं, नऊ वर्षांनी गुणायचं: 77,885 च्या आसपास येतात. तीस दिवसांत द्यायचे असतात. अनेक छोटे मालक हे पैसे माणूस मागेपर्यंत काढत नाहीत, आणि कारागिरांना मागता येतात हेच माहीत नसतं. उरलेले तेरा जण तुम्ही त्याला कसं पाठवता ते बघतायत, एवढं ध्यानात ठेवा.

एक वाक्य तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात. मी तिथे पेन्सिलीने खूण केली. ‘कधी दहाला, कधी अठराला.’ त्याच्या मोटरसायकलचा हप्ता पाच तारखेला कापला जात असेल. खात्यात पैसे नसले की हप्ता परत जातो आणि बँक वर दंड लावते. म्हणजे तुमचा उशीर तो स्वतःच्या खिशातून भरतोय, दर महिन्याला. बुडवला नाही हे खरं, पण बायकोला किराणा दुकानात ‘अजून व्हायचाय’ म्हणून सांगावं लागतं, आणि ते तुमच्या वहीत कुठेच लिहिलेलं नसतं. पगार सात तारखेच्या आत, हे कायद्यातही आहे. मी तर एका महिन्याच्या पगाराएवढी रक्कम वेगळ्या खात्यात बाजूला काढली होती. ती जमवायला दीड वर्ष लागलं. नवीन मशीनचं बुकिंग त्यासाठी पुढे ढकललं. ते मशीन पुढे आणलंही नाही, आणि त्याचं काही अडलं नाही.

पार्टी नव्वद दिवसांनी पैसे देते, हे तुम्ही सांगणारच. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, आहे ना? मग सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या 2006 च्या कायद्याने लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या वर उधारी नाही. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज. शिवाय एप्रिल 2024 पासून सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल असं थकवलं, तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च आयकरात दाखवता येत नाही. लगेच भांडायला जाऊ नका, नुसता उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर ठळक छापा. मार्चमध्ये त्यांचा सीए स्वतःच तुमची आठवण काढेल.

आता माझं एक जुनं दुखणं सांगतो. 1994 ची गोष्ट. माझ्याकडे एक टर्नर होता, ऑईल इंजिनचे लायनर बोअर करायचा. स्क्रू ड्रायव्हरचं टोक हेडस्टॉकला टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटून सांगायचा, ‘मागचं बेअरिंग गेलंय, आठ दिवस चालंल.’ आठवड्याने जायचंच. एका संध्याकाळी तो पाचशे रुपये उचल मागायला आला. पोरीची फी भरायची होती. आत मोठ्या कंपनीचे खरेदी अधिकारी बसले होते. मी काचेतून पंजा दाखवला: थांब. पुढे बोलण्यात रंगलो आणि साहेबांना घेऊन तांबडा-पांढरा खायला निघून गेलो. तो हातातला कॉटन वेस्ट तसाच धरून पाऊण तास उभा होता, हे मला नंतर हेल्परने सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी स्वतःहून पाचशे दिले. त्याने घेतलेही. तीन आठवड्यांनी तो दोन गल्ल्या पलीकडे गेला, तेवढ्याच पगारावर. मी म्हणत राहिलो, फोडला कुणीतरी. चार वर्षांनी एका लग्नात पंगतीला शेजारी बसला, तेव्हा भाताला हात घालता घालता म्हणाला, ‘मालक, तुम्ही काचंतनं हात दावलासा, आठवतंय?’

तुमच्या सेटरचं असं काही असेल, असं मी म्हणत नाही. पण टपरीवर बसाल तेव्हा पगाराचा कागद संपल्यावर थोडा वेळ गप्प बसा. पैशाशिवायचं कारण माणूस दुसऱ्या चहाला सांगतो.

हा गेला तर तुम्हाला काय पडेल, तेही मांडू. टर्निंगचा तासाचा दर 400 धरा. तो दीड तासात मशीनवरचा जॉब बदलतो, नवखा साडेचार तास घेईल. आठवड्याला चार सेटिंग म्हणजे बारा तास बंद, 4,800 रुपये. दोन महिन्यांत 38,000 च्या वर गेले. रिजेक्शन, फुटलेले इन्सर्ट (कापायची पाती) आणि पार्टीची डेबिट नोट (बिलातून कापलेले पैसे) यात धरलेली नाही. वर्षभर दोन हजारांनी पगार वाढवला असता तर 24,000 लागले असते. हे गणित सगळ्या मालकांना येतं, पण माणूस गेल्यावरच करायला सुचतं. मलाही तेव्हाच सुचायचं.

त्याच्या डोक्यात जे आहे ते कागदावर आणायचं काम, तो राहो वा जावो, याच महिन्यात सुरू करा. प्रत्येक जॉबचा एक सेटिंग पेपर: चकचा दाब किती, सॉफ्ट जॉ कसे कापले, कुठला इन्सर्ट, किती नगांनंतर धार फिरवायची, ऑफसेट किती नगांनी तपासायचा, पहिला नग पास करताना कुठलं माप दगा देतं. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, आणि ते ड्रॉइंगवर नसतं. हे लिहून दिल्याबद्दल त्याला वेगळे पैसे द्या. फुकट मागितलंत तर वाटेल, माझ्याकडून काढून घेऊन मला मोकळं करणार. पैसे देऊन मागितलंत तर तो गुरुजी होतो. आमच्याकडे एका सेटरने पेपराखाली स्वतःचं नाव लिहिलं होतं, आडवी रेघ मारून, शाळेतल्या मुख्याध्यापकांसारखं. तो अजून तिथेच आहे. मी निवृत्त झालो.

छोट्या वर्कशॉपमध्ये बढती नसते, हे खरं दुखणं. हेल्पर लागला की ऑपरेटर, ऑपरेटरचा सेटर, आणि पुढे भिंत. मोठ्या कंपनीत तीस पायऱ्या असतात, त्यातल्या वीस नुसत्या नावाच्या, पण घरी सांगता येतात. तुम्ही भिंतीवर एक तक्ता लावा: डावीकडे माणसांची नावं, वर मशीनं आणि मोजमापाची कामं. जो ज्या मशीनवर एकट्याने पहिला नग पास करून दाखवेल त्याची चौकट भरायची, आणि प्रत्येक चौकटीची पगारातली रक्कम आधीच जाहीर. मग वाढ तुमच्या मर्जीवर राहत नाही. माझ्याकडे हा तक्ता लागला त्या वर्षी कँटीनमधल्या पोराने मायक्रोमीटर धरायला शिकून घेतलं. बाहेरचा तयार सेटर शोधत बसण्यापेक्षा आयटीआयचे दोन शिकाऊ घ्या. चार ते एकोणतीस माणसांच्या कारखान्याला शिकाऊ उमेदवार घेणं सक्तीचं नाही, पण मुभा आहे, आणि राष्ट्रीय योजनेत विद्यावेतनाचा पाव हिस्सा, 1,500 रुपयांपर्यंत, सरकार देतं.

जाता जाता एक. 2019 च्या ऑगस्टात पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला तेव्हा चिखली-आंबेवाडीकडची माझी नऊ माणसं घरात पाणी शिरून अडकली होती. त्या दिवसांची हजेरी मी भरली. मुलगा कुरकुरला, ‘आपलंही नुकसान झालंय.’ झालंच होतं. पुढच्या वर्षी टाळेबंदी उठली आणि सगळा परिसर माणसं शोधत फिरत होता, तेव्हा ती नऊच्या नऊ शटर उघडायच्या आधी रस्त्यावर उभी होती. तेव्हापासून मुलगा कुरकुरत नाही. फक्त ‘किती दिवसांची?’ विचारतो.

प्रश्न : आमचे येवल्यात पैठणीचे सहा हातमाग आहेत. विणकराला 60,000 उचल दिली होती. दुसऱ्या मागवाल्याने ती रक्कम माझ्या तोंडावर आणून टाकली आणि विणकर घेऊन गेला. पैसे मिळाले, पण अर्धा पदर मागावर तसाच आहे. यापुढे उचल देऊ का नको?
— एक मागधारक, येवला

उत्तर : उचल देऊन तुम्ही विणकर बांधला नव्हतात, त्याची किंमत चिकटवून ठेवली होतीत. ज्याला परवडली तो घेऊन गेला. ‘उचल फिटेपर्यंत दुसरीकडे जायचं नाही’ अशी अट घालत असाल तर ती आजच काढा. आगाऊ रकमेच्या बदल्यात माणसाचं कुठेही काम करायचं स्वातंत्र्य अडवणं हे 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात बसतं, आणि तो गुन्हा आहे.

पण विणकर उचल का मागतो, ते बघा. भरगच्च पदराची साडी माग सोडायला महिनोन् महिने घेते आणि मजुरी साडी उतरल्यावर मिळते. मधले महिने घर कशावर चालणार? मी लोखंडातला माणूस, रेशमातलं मला कळत नाही, पण माझे एक व्याही विणकामातले आहेत, त्यांनी साडी तुकड्यांत मोजायला सुरुवात केली. दर शनिवारी टेप लावायचा, काठ किती उतरला, पदरावरचे मोर-मुनिया किती झाले, त्याप्रमाणे मजुरी त्याच दिवशी. उचल आपोआप कमी झाली, कारण मागायची वेळच येईना. दवाखाना, लग्न यासाठी द्यावी लागली तर बिनव्याजी द्या, हप्ता मजुरीच्या दहाव्या हिश्शाच्या वर कापू नका, आणि जाताना राहिलेले सवडीने दे म्हणा.

मागावरच्या अर्ध्या पदराचं तेवढं त्याच विणकराला जाऊन सांगा. नव्या मालकाकडे न जाता, थेट त्याच्या घरी. ‘एवढा उतरवून दे, मजुरी आणि वर जे म्हणशील ते.’ मला वाटतं येईल. दुसऱ्याचा हात लागलेला पदर त्यालाही बघवणार नाही.

प्रश्न : मी कुडाळला दुचाकीच्या गॅरेजात अकरा वर्षं मेकॅनिक आहे. मालक आणि आम्ही चौघं. मालक स्वभावाने देवमाणूस, आजारपणात स्वतः गाडीवर घालून नेतात. पण तीन वर्षांत पगार वाढला नाही, पीएफ नाही. गोव्यात म्हापशाला जास्त पैसे मिळतील. मालकांना बोलायला जीभ उचलत नाही. काय करू?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : हे पत्र मालकांच्या सदरात आलं, याचा मला फार आनंद झाला. पाच माणसांच्या गॅरेजला पीएफ सक्तीचा नाही, तो वीस माणसांपासून. मालक आणि तुमच्यापैकी बहुतेकजण तयार असाल तर आपखुशीने लावता येतो. तेवढंही जमणार नसेल तर तुमच्या नावाने पोस्टात दर महिन्याला आवर्ती ठेव, निम्मी तुमची, निम्मी त्यांची, असं मागून बघा.

बोलायचं सकाळी. शटर अर्धं वर गेलेलं असतं, झाडू मारून झालेला असतो आणि पहिलं गिऱ्हाईक आलेलं नसतं, त्या दहा मिनिटांत. संध्याकाळी सहा गाड्या द्यायच्या असताना नको. देवमाणसालाही सहा गाड्या द्यायच्या असतात. म्हापशाचं नाव पहिल्या वाक्यात काढू नका, पण विचारलं तर लपवूही नका. चिठ्ठीवर तीनच गोष्टी लिहून न्या: आत्ताचा पगार, हवा तो पगार, आणि गेल्या वर्षी तुम्ही एकट्याने उतरवलेली इंजिनं किती. तिसरा आकडा मालकांना माहीत नसणार, पैज लावतो.

ते ‘बघू’ म्हणतील. मीही बत्तीस वर्षं तेच म्हणत आलो. तुम्ही हसून ‘कधी बघायचं, मालक?’ एवढंच विचारा आणि पान्हा उचलून कामाला लागा. तारीख मिळाली तर मला एक कार्ड टाका.